झेटॉरच्या मागची ट्रॉली कागदावर आणताना

नोव्हेंबर लागला की निपाणी, संकेश्वर, चिकोडी, रायबाग, अथणी ह्या आमच्या सगळ्या ऊसपट्ट्यात रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरून जातात. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, फाळक्यांच्या (हौद्याच्या बाजूंच्या) वर आणखी तेवढाच ऊस, आणि रात्री मागनं येणाऱ्याला दिसावं असं काहीही नाही. ट्रॅक्टर किती एचपीचा आणि गेल्या हंगामात एका खेपेला किती टन ओढले, हे कुणीही छाती काढून सांगतो. त्या ट्रॉलीचं पासिंग, म्हणजे आरटीओची नोंदणी, किती टनाचं, असं विचारलं की मात्र बोलणं थांबतं, कारण बऱ्याच ट्रॉल्यांचं पासिंगच झालेलं नसतं.

आमच्या घरचा जुना परदेशी ट्रॅक्टर आणि त्याची ट्रॉली कायद्यात बसवताना मला जे कळलं ते लिहून ठेवतोय. जुन्या गाडीच्या, त्यातही बाहेरच्या देशातनं आलेल्या गाडीच्या बाबतीत ओढायच्या वजनाचा आकडा शोधायचा कुठं, हे विचारत मी बऱ्याच दारांत उभा राहिलो आहे.

आमचा ट्रॅक्टर झेटॉर 3011. चेकोस्लोव्हाकियातल्या ब्र्नो शहरात बनलेला, तीन सिलिंडरचा, 35 एचपी. साठच्या दशकाच्या शेवटी, आपलं राज्य अजून म्हैसूर म्हणून ओळखलं जायचं तेव्हा, आजोबांनी तो कर्ज काढून घेतला. त्या काळात देशात ट्रॅक्टर थोडेच बनायचे. झेटॉर, बेलारूस, उर्सुस असे पूर्व युरोपातले ट्रॅक्टर जहाजानं यायचे आणि राज्यांच्या कृषी उद्योग महामंडळांकडून शेतकऱ्यांना मिळायचे. पुढं 1971 मध्ये एचएमटी ह्या सरकारी कंपनीनं झेटॉरच्याच सहकार्यानं पिंजोरला 25 एचपीचा 2511 बनवायला सुरुवात केली आणि तेव्हापासून आमच्याकडं झेटॉर म्हटलं की लोक एचएमटीच समजतात. ह्या समजापायी आम्हाला पुढं किती हेलपाटे पडले ते येईलच.

ट्रॅक्टर अजून ठणठणीत आहे. मिस्त्रींनी पंप, नोझल, क्लच सगळं वेळोवेळी केलंय. नांगरटीला आता दुसरा ट्रॅक्टर आहे, पण ऊस कारखान्यावर न्यायला आण्णांचा भरवसा ह्याच्यावरच.

कागदांच्या मागं लागायला दोन कारणं झाली. एक म्हणजे कारखान्याच्या शेती विभागानं वाहतुकीचा करार करताना ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचंही आरसी (नोंदणीपत्र) आणि विमा मागायला सुरुवात केली. दुसरं कारण जास्त जवळचं. आमच्या पाहुण्यांच्या गावात रात्री रस्त्याकडेला उभ्या केलेल्या भरलेल्या ट्रॉलीवर एक तरुण मोटरसायकल घेऊन मागनं आदळला आणि गेला. ट्रॅक्टरचा विमा होता. ट्रॉलीचा नव्हता, ट्रॉलीला नंबरही नव्हता. विमा कंपनीनं तेवढ्यावर हात वर केले आणि दोन्ही घरं कोर्टात उभी राहिली. एका घरचा मुलगा गेला, दुसऱ्या घरची जमीन जायची वेळ आली. ते बघून आल्यावर आण्णा मला म्हणाले, "ह्या हंगामाच्या आत आपलं सगळं कागदावर आण. खर्च होऊ दे."

पहिला प्रश्न साधा वाटला होता. हा ट्रॅक्टर कायद्यानं किती ओढू शकतो? माझा मावसभाऊ जर्मनीत नोकरीला आहे. तो सुट्टीवर आला होता तेव्हा त्याला विचारलं. त्यानं तिकडच्या त्याच्या कारच्या नोंदणीपत्राचा फोटो दाखवला. युरोपात त्या कागदावर ओढायच्या वजनाचे दोन वेगळे रकाने असतात, ओ.1 आणि ओ.2. पहिल्यात ब्रेक असलेला ट्रेलर किती किलोचा चालेल ते, दुसऱ्यात ब्रेक नसलेला किती किलोचा ते. 750 किलोच्या वर एकूण वजन गेलं की तिकडं ट्रेलरला स्वतःचा ब्रेक लागतोच. "तुझ्या झेटॉरचा ओ.1 किती?" असं त्यानं विचारलं, आणि मी आजोबांचं आरसी बुक काढून बसलो.

आपल्या आरसीवर असा रकानाच नाही. आपल्याकडं ट्रॅक्टर किती ओढतो ह्याचा आकडा ट्रॅक्टरच्या कागदावर शोधायचा नसतो, तो ट्रॉलीच्या कागदावर असतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या व्याख्येप्रमाणे ट्रेलर, म्हणजे आपली ट्रॉली, हे स्वतःच एक मोटार वाहन आहे, त्याला इंजिन असो वा नसो. म्हणून त्याची नोंदणी वेगळी, त्याचा नंबर वेगळा, त्याचं रिकामं वजन आणि भरल्यावरचं एकूण वजन त्याच्या स्वतःच्या आरसीवर. कलम 113 सांगतं की आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा जास्त वजनानं कुठलीही गाडी किंवा ट्रेलर चालवता येणार नाही. ट्रॉलीला आरसीच नसेल तर तिच्यात कायद्यानं किती ऊस भरता येतो? एक कांडंसुद्धा नाही. हे ध्यानात आल्यावर गावातल्या किती ट्रॉल्या एकदम रस्त्यावरनं उतरल्या पाहिजेत, ह्याचा मी मनात हिशोब करू लागलो आणि मध्येच सोडून दिला.

आता ट्रॅक्टरचं. आमच्या आरसीचं जुनं पुस्तक, तीन अक्षरी नंबरचं, घड्यांवर फाटलेलं. नोंदणीची मुदत संपत आली होती. खासगी गाडीची नोंदणी पहिली 15 वर्षं, त्यानंतर दर वेळी 5 वर्षं, आणि नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म 25 मध्ये मुदत संपायच्या आधीच्या 60 दिवसांत करायचा. त्यासाठी आरटीओ ऑफिसात गेलो तर संगणकावर आमच्या नंबरसमोर कंपनी 'एचएमटी' आणि 25 एचपी. जुन्या नोंदवह्या 'वाहन' प्रणालीवर घेताना कधीतरी कुणीतरी झेटॉर वाचून एचएमटी केलं असणार. त्यामुळं रिकामं वजनही दुसऱ्याच मॉडेलचं पडलेलं.

बाहेर बसलेल्या एजंटचं म्हणणं होतं, आहे तेच राहू दे, रिन्यूअल होऊन जाईल, कोण बघतंय. पण गाडीचा खरा तपशील एक आणि कागदावरचा दुसरा, असं असलं की विम्याच्या वेळी काय होतं ते आम्ही नुकतंच बघून आलो होतो. शिवाय ज्याच्यासाठी एवढा खटाटोप करायचा तो वजनाचा आकडाच मुळात चुकीचा. मी दुरुस्तीचा अर्ज दिला.

इन्स्पेक्टर साहेबांनी ट्रॅक्टर समोर आणायला सांगितला. आण्णा स्वतः चालवत घेऊन आले. "बर्री, कुत्कोर्री" (या, बसा) म्हणून साहेबांनी त्यांना आधी सावलीत खुर्ची दिली, कन्नडमध्येच चार गोष्टी विचारल्या, आणि आण्णांचं उत्तर मराठी-कन्नड मिसळून यायला लागल्यावर तेही मराठीत बोलायला लागले. त्यांनी आजवर एवढा जुना झेटॉर पासिंगला आलेला बघितला नव्हता. पुस्तकावरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळतो का, हे आधी ठरायला हवं होतं, म्हणून त्यांनी चेसी नंबरची पेन्सिल प्रिंट मागितली.

ट्रॅक्टरला ट्रकसारखी चेसी नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग एकमेकाला बोल्टनं जोडलेलं, तोच त्याचा सांगाडा. नंबर कुठं ठोकलाय ते मिस्त्रींनाच माहीत होतं. पन्नास-पंचावन्न वर्षांचं ग्रीस, माती आणि तीन वेळा मारलेला रंग त्या जागेवर दगडासारखा झाला होता. मिस्त्रींनी डिझेलचं फडकं काही वेळ दाबून धरलं, मग तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं घासलं. जोर लावला तर आकड्यांच्या कडाच जातील, म्हणाले. रंगाचे पापुद्रे निघाले, खालनं लाल प्रायमर, त्याच्या खाली काळं बीड. एकेक आकडा उघडा होत गेला. त्यातला एक 3 आहे की 8, ते डोळ्यांनी कळेना. मिस्त्रींनी पातळ कागद चिकटपट्टीनं त्यावर ताणून बसवला आणि मऊ शिसाची पेन्सिल आडवी धरून फिरवली. कागदावर 3 स्पष्ट उठला. पुस्तकातही 3 होता. साहेबांनी कागद उजेडाकडं धरून बघितला, पुस्तकाशेजारी ठेवला आणि मान हलवली.

त्यानंतर त्यांनी ट्रॅक्टर ट्रॉलीशिवाय वजनकाट्यावर नेऊन पावती आणायला सांगितली. दोन टनाला थोडा कमी भरला. म्हणजे आमच्या एचपीचा, कंपनीचा आणि वजनाचा, तिन्ही तपशील दुरुस्त झाले.

आणि मग शुल्काचा आकडा बदलला. ही माहिती ज्यांच्याकडं जुनी परदेशी गाडी आहे त्यांनी आवर्जून वाचावी. 15 वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क 1 एप्रिल 2022 पासून खूप वाढलं. हलक्या मोटार वाहनाला 5 हजार रुपये, आणि आयात केलेल्या चार किंवा जास्त चाकांच्या वाहनाला 40 हजार. एचएमटी म्हणून आमचं काम थोडक्यात भागलं असतं. ब्र्नोचा म्हटल्यावर आम्ही 40 हजारांच्या रकान्यात गेलो. (आम्ही भरलं तेव्हाचं हे. 2025 च्या ऑगस्टमध्ये 20 वर्षांवरच्या गाड्यांचं शुल्क आणखी वाढवलं आणि ह्याच रकान्यात आता 80 हजार झालेत.)

घरात चर्चा झाली. दादाचं म्हणणं, भंगारात घातला तर जेवढे येतील जवळजवळ तेवढे पैसे नूतनीकरणालाच घालायचे का. त्याचं चूक नव्हतं. मला स्वतःला वाटतं की महागड्या परदेशी मोटारीला आणि शेतकऱ्याला सरकारी महामंडळानं दिलेल्या ट्रॅक्टरला एकाच रकान्यात बसवणं अन्यायाचं आहे, आणि हे शेतकरी संघटनांनी उचलून धरायला हवं. पण नियमाचे शब्द 'आयात केलेलं वाहन' असे सरळ आहेत. आण्णा शेवटी एवढंच म्हणाले, "दुसऱ्याच्या नावानं आपला ट्रॅक्टर चालवायचा नाही." पैसे भरले.

ट्रॉलीचं काम ह्याहून अवघड निघालं. आमची जुनी ट्रॉली गावाजवळच्या एका वेल्डिंगवाल्यानं कधीकाळी बांधलेली. जुन्या ट्रकचा एक्सल, कुठले तरी पाटे, हौदा नवा. ते दुकान केव्हाच बंद पडलंय. नोंदणीला फॉर्म 20 चा अर्ज, विक्रेत्याचा फॉर्म 21 आणि बनवणाऱ्यानं दिलेला रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा फॉर्म 22 लागतो. बनवणाराच नाही तर फॉर्म 22 कोण देणार? साहेबांनी स्पष्ट सांगितलं, ही होणार नाही. मला वाईट वाटलं नाही. एक्सल कुठल्या ट्रकचा, तो किती वर्षं चालून आला, त्यावर किती भार टाकावा, ह्यातलं एकाचंही उत्तर देणारा कुणी नव्हता. अशा ट्रॉलीवर 'इतके टन' असा शिक्का मारणं म्हणजे अंदाजाला सरकारी सही देणं झालं असतं.

कोल्हापूरकडच्या एका कारखानदाराकडं मंजूर आराखड्याच्या ट्रॉल्या मिळतात असं कळलं. सीमेपलीकडनं घ्यायची म्हणजे तात्पुरती नोंदणी करून कोगनोळीची सीमा ओलांडून आणायची आणि मग इथं कायमचा नंबर घ्यायचा. ते सरळ झालं. घेताना मी दोन गोष्टी धरून बसलो. पहिली टायर.

आरसीवर एकूण वजन किती लिहायचं हे हौद्याच्या आकारावरनं ठरत नाही. टायर किती, कसले आणि केवढे, एक्सल किती भार घेणारा, ह्यावरनं ते ठरतं. व्यापारी गाड्यांसाठी कायद्याचं कलम 58 तर टायरची संख्या, प्रकार, माप आणि एकूण वजन असं सगळं एकत्र नोंदवायला लावतं. टायरच्या बाजूवर माप आणि 'पीआर' (प्लाय रेटिंग, टायरच्या मजबुतीचा आकडा) कोरलेलं असतं, आणि त्याच्या जवळच बारीक अक्षरात किती हवेला किती किलो भार ते. धुळीत ते वाचता येत नाही. मी खडू आडवा धरून त्या उंचवट्यांवर घासला तसं पांढऱ्यात उठून आलं: 9.00-16, 16 पीआर, त्याखाली भार आणि हवा. चारही टायर सारखे आहेत का ते तसंच तपासलं. एकीकडं 16 पीआर आणि दुसरीकडं 12 घालून दिलेल्या ट्रॉल्या मी बघितल्यात.

दुसरी गोष्ट ब्रेक. ट्रॅक्टर दोन टनांचा आणि त्याचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. मागं चार चाकांची ट्रॉली असली की तिचं वजन हुकावर फारसं येत नाही, तिच्या स्वतःच्या चाकांवरच राहतं. म्हणून चढाला ती हलकी वाटते आणि माणूस भरतच जातो. उताराला ब्रेक दाबला की मात्र ती सगळी ट्रॅक्टरच्या पाठीवर येते, उतारावर भरल्या बैलगाडीचं जू बैलांच्या मानेवर चढावं तशी. तवंदी घाटात ट्रॅक्टर आडवे झालेले ज्यांनी बघितलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. दोन चाकी ट्रॉलीचं उलट असतं. तिचा काही भार हुकावर येतो, त्यानं मागच्या चाकांना पकड मिळते, पण जास्त झाला की चढाला ट्रॅक्टर तोंड उचलतो आणि स्टिअरिंग हातात राहत नाही.

आम्ही घेतली त्या ट्रॉलीला ढकलीवर चालणारा ब्रेक आहे. हुकाच्या दांड्यामागं एक सरकता भाग आणि स्प्रिंग. ट्रॅक्टर थांबायला लागला आणि ट्रॉली त्याला ढकलायला लागली की तो दांडा मागं सरकतो आणि ट्रॉलीच्या चाकांचे ब्रेक ओढतो. जुन्या झेटॉरला हे सोयीचं, कारण त्यासाठी ट्रॅक्टरला नवी पाइप-फिटिंग काही करावी लागत नाही. रिव्हर्स घेताना तेवढी अडवणारी पिन लावावी लागते, आणि पुढं निघताना ती आठवणीनं काढावी लागते. ही पिन मी लाल रंगवून घेतली आहे.

आमच्या आरसीवर ट्रॉलीचं रिकामं वजन 1,920 किलो आणि एकूण वजन 6,500 किलो आलं. म्हणजे ऊस 4,580 किलो. जुन्या ट्रॉलीत आम्ही सवयीनं आठ-साडेआठ टन घालत होतो.

विमा करताना ट्रॉलीचा नंबर पॉलिसीत वेगळा लिहून घेतला आणि तिचा हप्ता वेगळा भरला. एजंट म्हणत होते की ट्रॅक्टरच्या पॉलिसीत सगळं येतं. मी पॉलिसीत ट्रॉलीचा नंबर छापलेला दाखवा म्हणालो, तेव्हा विषय मिटला. नंबरपट्टीचंही एक सांगतो. कलम 61 प्रमाणे ट्रॉलीचा स्वतःचा नंबर तिच्यावर हवाच, शिवाय ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर सगळ्यात मागच्या ट्रॉलीवर दिसला पाहिजे. मागच्याला पुढचा ट्रॅक्टर ट्रॉलीआड दिसत नाही, त्यासाठी हे.

लायसन्सची भीती गावात उगीच पसरलेली असते. ट्रॅक्टरचं वैध लायसन्स असलेला चालक मागं ट्रॉली जोडली एवढ्यानं बिनलायसन्सचा होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्येच नागशेट्टी प्रकरणात सांगितलंय, आणि ते प्रकरण आपल्या कर्नाटकातलंच.

खरी परीक्षा हंगाम सुरू झाल्यावर झाली. फाळक्याच्या बरोबरीनं ऊस आला तसं मी ऊसतोड टोळीला थांबवलं. मुकादम वर बघून म्हणाले, "मालक, अर्धीच गाडी धाडायची?" त्यांचं गणित माझ्यापेक्षा कठीण. टोळीला पैसे टनावर मिळतात. गाडी लवकर भरून गेली की परत येईपर्यंत बायामाणसं फडात बसून राहतात. त्यांच्या पोटावर पाय देऊन मला कायदा पाळायचा नव्हता. शेवटी शेजारच्या फडावरचा ट्रॅक्टर आणि आमचा, दोन्ही आळीपाळीनं एकाच टोळीला लावले. एक कारखान्यात रांगेत असताना दुसरा फडात. टोळीचा दिवस वाया गेला नाही. आमचं डिझेल वाढलं, हे खरं. वाहतुकीचे पैसे टनावर असल्यामुळं खेपेला मिळणारी रक्कम जवळजवळ निम्म्यावर आली, हेही खरं. दर ठरवतानाच पासिंगचं वजन धरून ठरवला तर हे नुकसान एकट्या शेतकऱ्याच्या अंगावर येणार नाही.

काट्यावरची पावती नीट बघा असं मी आता प्रत्येकाला सांगतो. तिच्यावर भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि निव्वळ ऊस असं सगळं वेळेसकट छापलेलं असतं. समजा आमच्याच ट्रॉलीचं एकूण वजन साडेदहा टन भरलं, तर मर्यादेच्या वर 4 टन. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 194 प्रमाणे 20 हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार, म्हणजे 28 हजार, शिवाय जास्तीचा माल उतरवायचा खर्च. माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. ऊस हौद्याच्या बाजूनं बाहेर आला तर त्याचे वेगळे 20 हजार. हा दंड चालवणाऱ्याला आहे तसा चालवायला लावणाऱ्यालाही आहे. रस्त्यावर अडवून वजन करायचं तर पुढच्या वाटेवर 10 किलोमीटरच्या आत किंवा पोचायच्या ठिकाणापासून 20 किलोमीटरच्या आत काटा असावा लागतो असं कलम 114 म्हणतं. आमच्याकडं तर प्रत्येक गाडी स्वतःहून काट्यावर चढते. अपघात झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं तर ती पावतीच पुरावा.

म्हणून मी कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यांना लेखी दिलंय की करार करताना घेतलेल्या आरसीवरचं ट्रॉलीचं एकूण वजन काट्याच्या संगणकात गाडीसमोर भरून ठेवा, आणि त्याच्या वर गेलेली गाडी पहिल्यांदा ताकीद देऊन घ्या, दुसऱ्यांदा घेऊ नका. सगळ्यांना एकच नियम लागला तर कमी भरणारा एकटा मागं पडणार नाही. त्यांनी अर्ज ठेवून घेतला आहे. आमच्या गटातल्या आणखी काही जणांनी तसेच अर्ज दिलेत. एकट्याच्या अर्जापेक्षा ह्याचं वजन पडेल असं वाटतं.

जुनी ट्रॉली विकायला गिऱ्हाइकं आली. ती रस्त्यावरच चालवणार हे उघड होतं, म्हणून हौदा आणि एक्सल वेगळे कापून भंगारात दिले.

आता दुसऱ्या ट्रॉलीची तयारी चालली आहे, ह्या वेळी दादाच्या नावावर, त्याच्या नव्या ट्रॅक्टरमागं. कारखानदाराला थोडी रक्कम आगाऊ दिली आहे. फॉर्म 21 मध्ये रिकामं वजन, एकूण वजन आणि टायरचं वर्णन असे तिन्ही तपशील भरून त्याची प्रत आधी पाठवायची, ती आम्ही टायर आणि एक्सलशी ताडून बघणार, आणि त्यानंतर उरलेले पैसे, असं त्याच्याशी ठरलंय.